माप

मैंदर्गीच्या माळावर रेवणसिद्धमामा
ठासणीच्या तोंडात दारू ओततात,
मापाची शीग नखानं पाडून.

कालची गोळी ढोलीच्या वर.
परवाची कुठं गेली, बाभळीलाही ठाऊक नाही.

धूर निवला की
मामा झाडाकडं बघतच नाहीत.
वाकून गवतातली चिंधी शोधतात:
मामीच्या लुगड्याची, मधोमध जळून भोक.
"पातळ पडलं."

मग सोलापुरात मागावरून मागून आणलेला
चादरीचा काठ. करडईचं तेल.
शिशाची गोळी अंगठ्यानं दाबून.
दारू दोन चिमटी कमी.

ठो.

चिंधी अख्खी. नुसतं काळं कडं,
तव्यावरच्या भाकरीसारखं.
ती माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले,
"जा, भोक बघून ये. मी नाही येत."

रात्री ज्वारीत डुकरं शिरली तेव्हा
मामा कंदिलाशी बसून
मापावर खिळ्यानं रेघ ओढत होते.