लाभ

उदगीरच्या मोंढ्यामागं, डाळमिलच्या माळ्यावर
रात्री अकराला मी लॅपटॉप घेऊन.
खाली सॉर्टेक्सच्या नळ्यांतून तूर पडायलीय.

कॅमेरा दाण्यादाण्याचा फोटो काढतो.
फोटो आधी कर्नलच्या ताब्यात.
कर्नल म्हणजे दाण्याच्या आतला गर, मी सांगितलं,
तर शेषेराव म्हणाले, मग डाळच की.

माझा प्रोग्राम उंबऱ्याबाहेर.
दर फोटोला हाक, दार उघडणं,
आतलं सगळं बाहेर जसंच्या तसं उतरवून घेणं,
दार लावणं, परत हाक.
तोवर काळा दाणा
हवेची फुंकर सुटायच्या आधीच
खाली, पिवळ्या डाळीत.

चाळीस वर्षं मापारी होते शेषेराव.
आता रात्रपाळीला बसतात, झोप येत नाही म्हणून.
"काय करायलीस गं एवढं?
खाजामियाँ ह्या पोत्यातलं त्या पोत्यात ओतून
मग इकतो का माल?
थप्पी जागच्या जागी राहती.
फिरती ती पट्टी."

मग मी उतरवणं बंद केलं.
एकच वावर, दोन सातबारे:
एकावर कर्नल, एकावर मी.
चौसष्ट खान्यांची चकरी,
तो भरत पुढं, मी रिकामी करत मागं.
हाक नाही. दार नाही.

पहाटे दोनला चांगली डाळ उडायला लागली.
फोटो बघितला:
वरचा अर्धा आत्ताचा दाणा,
खालचा अर्धा मागच्या फेऱ्यातला खडा.
खाना भरायच्या आधीच
आकडा पुढं सरकला होता.
प्रोसेसरला घाई, तो कामं मागंपुढं करतो.

शेषेराव उठले, हवेत काटा धरला.
"लाभ," म्हणाले. थांबले.
"दोन." थांबले.
"काटा ठरल्याबिगर आवाज नाही काढायचा.
अन् आवाजाबिगर
खाजामियाँनं पोत्याला हात नाही लावायचा.
आधी माल. मग आकडा."

एक ओळ घातली मधे. फक्त एक,
तिला इंग्रजीत कुंपण म्हणतात.
आकडा तिच्या अलीकडं थांबला,
माल पुरा होईस्तोवर.

सकाळी खाजामियाँनं परातीत पसाभर डाळ ओतली,
बोटानं पसरली, बराच वेळ बघितली.
एक काळा सापडला.
माझ्याकडं बघत त्यांनी तो तोंडात टाकला,
कडकन फोडला,
आणि पुढच्या पोत्याला हूक लावला.