टोक मागसून येता

रेगे डॉक्टरांचा चेंडू
गेली दोन वर्षं जमिनीलगत जातो.
सड्यावरच्या सातव्या टीवरून निघतो,
करवंदीच्या जाळीला घासतो
आणि कातळावर दोन टप्पे खाऊन
कुणाच्या तरी काजूत शिरतो.
इर्शाद पिशवी ठेवून शोधायला जातो,
मुद्दाम उशीर लावतो,
तेवढाच डॉक्टरांना दम खायला वेळ.

ड्रायव्हर त्यांच्या पन्नाशीतला.
शाफ्ट एवढा ताठ, की व्हाइसमध्ये धरून
मी सगळा भार टाकला
तरी त्याच्या पोटात काही हललं नाही.
तेव्हा खांदेच तसे होते म्हणे.
आता डावा हात, त्या आजारपणानंतर,
अर्ध्या वाटेत विचार करतो.

"दुसरं डोकं लाव, बारा अंशाचं," ते म्हणाले,
"म्हणजे चढेल."
मी हो म्हटलं. डॉक्टरांना कोण नाही म्हणणार?

माझा बाप माणगा तोडायचा.
होडी ढकलायला वेगळा, मांडवाला वेगळा,
आणि झेल्याला असा,
की शेंड्याला आंबा टेकला
तर खाली मनगटाला कळलं पाहिजे.
बेटातली एकेक काठी वाकवून बघायचा,
कान लावायचा, सोडून द्यायचा.
मी नऊ वर्षांची. झेला हिसडायची,
देठ तुटायचा नाही, आंबा चेचायचा.
"वायच थांब," तो म्हणायचा,
"टोक मागसून येता."

इथेही तेच.
हात खाली निघतात, डोकं मागे रेंगाळतं,
शाफ्ट पाठीतून वाकतो,
आणि चेंडूपाशी, पापणी लवायच्या आत,
मागे राहिलेलं डोकं हातांना गाठतं,
थोडं पुढे जातं, तोंड वर करतं.
तेवढ्यानेच चेंडू चढतो.
पण वाकायला कुणी वाकवावं लागतं.
डॉक्टरांचा आताचा हात
त्या ताठ शाफ्टच्या दारावर टकटक करतो
आणि परत जातो.

रात्री शेडमध्ये गरम हवेवर डोकं सोडवलं.
डोकं तेच ठेवलं. शाफ्ट बदलला.
मऊ शाफ्टवर एक अक्षर असतं, म्हाताऱ्यांचं.
जुन्याची पट्टी ब्लेडने सोलून
त्या अक्षरावर चिकटवली.
गोंदाला एक दिवस दिला.
बिल फक्त ग्रिपचं लावलं.

शनिवार. मतलई पडलेली,
समुद्राकडून खारा सुरू झालेला.
डॉक्टरांनी सवयीने मारला,
दोन वर्षांचा राग घालून.
चेंडू चढला. चढतच राहिला.
दीपगृहाच्या वर, घारीच्या वर,
तिथे वाऱ्याने त्याला पोटाखाली धरला
आणि आणून ठेवला
आमच्यापासून शंभर पावलांवर.
इर्शाद हसला नाही.
मी हसले.

दुसऱ्या वेळी क्लब वर नेऊन
ते जरासे थांबले.
का, ते माहीत नाही. हात दुखला असेल.
मग खाली आले, आणि मला इथे उभ्या उभ्या
शाफ्टचं वाकणं ऐकू आलं,
काठी बेटातून ओढताना येतो तसा आवाज.
चेंडू माडाएवढा उठला, त्याहून वर नाही,
वाऱ्याच्या बगलेतून निघाला,
करवंदी, कातळ, काजू सगळं मागे टाकून
गवतावर पडला. दिसत होता इथूनच.

डॉक्टरांनी क्लब उलटा धरला.
पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं,
जिथे माझा गोंद थोडा बाहेर आलाय.
"मेस्तरीण," ते म्हणाले,
"चाळीस वर्षं मी लोकांना
नंबर वाढवून चष्मे दिले.
जुन्याच फ्रेममध्ये.
घरच्यांना कळू नये म्हणून."

ग्रिपचे पैसे दिले, वर तीनशे.
आणि तिसरा चेंडू पुन्हा रागाने मारला.

तो अजून खाली आलेला नाही,
असं इर्शाद सांगतो सगळ्यांना.