रकाना अकरा

सांगे तालुक्याच्या नकाशावर हा वाडा
पेन्सिलच्या टोकाखाली झाकून जातो.
सतरा घरं, एक झर, सौर दिव्याचा एक खांब
आणि समोर धरणाचं पाणी, ज्याला इथली माणसं
चाळीस वर्षं झाली तरी तळं म्हणत नाहीत.
नुसतं तें म्हणतात.
तें चढलं. तें आज हललं नाही.

मी होडीत, चपला मांडीवर,
फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत.
फोंडू वल्हवता वल्हवता दाखवत होता:
हा पार. ही द्वारकीमावशीच्या माडांची रांग.
इथे वाकू नका, खाली शाळा आहे.
मी वाकलोच.
माझं तोंड दिसलं, त्यातून एक थिगूर आरपार गेली.

रकाना अकरा: रस्त्यापासूनचं अंतर.
द्वारकी वेळीप, वय अंदाजे सत्तर,
सुपातल्या नाचणीतले खडे वेचत म्हणाली,
"रस्तो आसा. उदका पोंदा."

वैशाखात वर येतो म्हणे.
कधी वीस दिवस, कधी महिनाभर.
आधी आजारी माणसं न्यायची,
मग सिमेंट आणायचं, पत्रे, एखादी नवरी.
बाकीचं वर्ष होडीचं.

आणि मांड?
(हे फॉर्ममध्ये नव्हतं.)
मांडही तेव्हाच वर येतो.
पण धालो पौषातले,
आणि पौषात मांडावर तीन पुरुष पाणी.

मग वैशाखात तिथे जाऊन करता काय?
"सारवतां," ती म्हणाली.
सतरा घरच्या बायका चिखल खरवडतात,
शेणाने सारवतात, दिवा ठेवतात
आणि नाचत नाहीत. महिना तो नव्हे.
कमरेला हात गुंफून ओळीत उभ्या राहतात थोडा वेळ,
कुणीतरी खोकतं,
मग घरी येऊन भात टाकतात.

मी म्हटलं, नवी जागा का नाही बघत?
फोंडूने विडी विझवून कानावर ठेवली.
"साहेब, असं एकदा विचारून झालंय आम्हाला.
तेव्हाच इथे आलो."

रकान्यात फक्त आकडे चालतात.
मी तो कोरा ठेवला.

परतताना भर पाण्यात एका जागी
त्याने वल्हं उचलून धरलं,
वाटेत कुणी निजलं असावं तसं.
होडी आपोआप सरकत राहिली.
वल्ह्यावरून थेंब पडत होते, तेही त्याने
होडीच्या आत घेतले.

धक्क्यावर पोचलो तेव्हा
चारची बस गेलेली होती.