हातचे सात

वर्ना हॉस्टेटलरचा मसुदा माझ्याकडे यायचा
बुधवारी, जेवणानंतर.
माझं काम विशेषणं काढायचं.
डेटन, ओहायो. तिसरा मजला. खिडकीतून
पार्किंगमधला बर्फ दिसतो, टायरांनी काळा केलेला.
परदेशी शस्त्रविक्री कशी चालली आहे
हे सरकारने सरकारलाच विचारायचं
आणि उत्तर आम्ही नीट छापून द्यायचं,
समास सोडून.

मापं ठरलेली:
मागणीपत्र आल्यापासून देकारपत्र जाईपर्यंत किती दिवस.
शंभरातली पंच्याऐंशी वेळेत गेली की हिरवा चौकोन,
सत्तरच्या खाली लाल.
पेटी बंदरात उतरली की आमचं घड्याळ थांबतं.
पुढे ती कुणाच्या खांद्यावर, कुठल्या डोंगरात,
त्याला रकाना नाही.

वर्नाचे वडील मेनोनाइट.
गावोगाव धान्याचे काटे दुरुस्त करत हिंडले,
बंदुकीला बोट न लावता गेले.
तू या कामात कशी, मी विचारलं एकदा.
म्हणाली, काटा खरा आहे का हे बघायला
धान्य पिकवावं लागत नाही.
वाक्य मला आवडलं होतं. तेव्हा.

मार्चमध्ये ती त्या देशात जाऊन आली.
नाव सांगत नाही; छापील प्रतीतही तिथे काळी पट्टी आहे.
अंधारात बघायच्या दुर्बिणी, नग दोनशे बारा.
कोठारावर सार्जंट इदिर,
किल्ल्या गळ्यात बांधून झोपणारा.
एकेक पेटी त्याने स्वतः उतरवली,
पिठाच्या रिकाम्या पोत्याने पुसली,
क्रमांक मोठ्याने वाचला, तिने खूण केली.
असे दोन दिवस. मध्ये पुदिन्याचा चहा,
इतका गोड की पेन्सिल बोटांना चिकटायची.
दोनशे बारापैकी दोनशे बारा!
असा ताळा आमच्याकडे
वर्षानुवर्षं जमत नाही.

जमणारच. सील एकाचंही तुटलं नव्हतं.
बॅटऱ्या आल्याच नव्हत्या.
बॅटऱ्यांचं प्रकरण वेगळं, फाइल वेगळी,
सहाशे अकरा दिवस एका टेबलावर,
तो सहीवाला बदलून गेला,
नव्याला वाटलं, जुन्याने केली असेल.

निघताना तिला भिंतीवर फोटो दिसले.
सीमेवरच्या गस्तीतले. काळी फीत.
इदिर काही बोलला नाही,
चहाचे पेले गोळा करत राहिला.
दोन दिवसांच्या सवयीने तिने मोजले.
मसुद्यात लिहिलं:
अमावास्येच्या रात्री, अंधारात, सात कोवळी मुलं.

मी अमावास्या काढली, पुरावा जोडलेला नव्हता.
अंधारात काढलं, रात्र म्हटल्यावर ती द्विरुक्ती.
कोवळी, विशेषण.
मुलं नाही, मनुष्यबळ म्हणतात.
मग मनुष्यबळ या अहवालाच्या कक्षेत येत नाही
असं लक्षात आलं.
उरले सात.
कशाचे सात ते वाचणाऱ्याला कळेना,
म्हणून तेही.

खात्याचं उत्तर मुदतीच्या आत आलं.
शिफारस क्रमांक चार,
उपकरण आणि बॅटरी एकाच प्रकरणात धरावी: सहमत.
पुढच्या वर्षी त्याच ओळीपुढे: अंमल झाला. बंद.
दुर्बिणींच्या नोंदीला हिरवा चौकोन,
त्या पानावरचा सगळ्यात हिरवा.

वर्ना भांडली नाही.
कोट चढवताना फक्त विचारलं,
शाळेत बेरीज करताना हातचे कुठे लिहायचास?
वर, मी म्हणालो. डोक्यावर. बारीक.
आणि उतरवायचे राहिले तर?
लिफ्ट आली. ती गेली.

छापील प्रती कपाटात आहेत, कुणी मागत नाही.
माझ्या प्रतीत, पान एकतिसावर,
हिरव्या चौकोनाच्या डोक्यावर
पेन्सिलीने बारीक सात काढलेले आहेत.
अक्षर तिचं नाही.