तिसरं आधण

वडणग्याच्या गुऱ्हाळावर वही माझ्याकडं.
आधण, रवे, वजन, दर.

काल रात्री तिसरं बिघडलं.
ऊस लोळलेला, रस खारट.
ईश्वरा गुळव्यानं पाण्यात पाक सोडून बघितला तीनदा,
गोळी बांधेना.
सकाळी वाफ्यात गूळ कसला,
काकवीचा थोरला भाऊ.

मी शून्य मांडलं.

ईश्वरा खांद्यावरनं वाकला.
"कुणाच्या नावचं रं ह्ये शून्य?
जा, चुलवाणापुढं बघून ये."

बाबालाल जळव्या पोत्यावर निजला होता,
भुवया करपलेल्या,
मुठीत अजून चिपाड.
रात्रभर त्यानं जाळ एका उंचीला धरलेला,
पहिल्या आधणाला धरला तसाच.
आगीला काय ठाऊक
वर काहिलीत काय शिजतंय.

वहीत त्याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं, तिरकं, पेन्सिलीनं:
जाळ बाबालाल. मळी सुंदराबाई.
ढवळायला आनंदा, ताप असून.

संध्याकाळी मालकाचं बोट समासावर थांबलं.
"ह्ये काय?"
"तिसऱ्याची मजुरी," ईश्वरा म्हणाला.

मालकानं चष्मा पुसला, परत घातला.
शाई फिरवली नाही.
खोडलंही नाही.

बाहेर बाबालाल
चौथ्यासाठी चिपाडं वाळलीत का
हातानं मोडून बघत होता.