पाव किलो दिल

म्हशीला तपासायला आलेला डॉक्टर
जाता जाता ओट्यावर थांबला,
भुरीच्या डोळ्यांत त्यानं मोबाइलचा टॉर्च मारला.
तिनं मान वळवली नाही.
"कमी दिसून राह्यलं हिले," म्हणाला,
"दूध-पोळीवर मांजर जगते, बाई,
पण डोळे जगत नाहीत.
हिले कच्चं मांस लागते. दिल, काळीज."
आणि गाडीला किक मारून गेला,
तो शब्द आमच्या ओट्यावर टाकून.

आमचं घर महानुभावांचं.
इथं वांग्यात अळी निघाली
तर तिला फोडीसकट कुंपणापलीकडे सोडतात.

दोन दिवस मी काही बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी पाहिलं,
भुरी जमीन चाटत होती.
दुधाची ताटली वीतभर बाजूला.

गुरुवारचा बाजार. भाजीची पिशवी,
तिच्यात अजून एक पिशवी,
तिच्यात घट्ट झाकणाचा डबा.
कय्यूमभाईच्या दुकानापुढून दोनदा गेले,
एकदा मेथीसाठी, एकदा उगाच.
त्यांनीच हाक मारली.
त्यांच्या पोरीचे फ्रॉक मीच शिवते.
"दिल? कितने, बाई?"
पाव किलो, म्हणाले मी,
जशी पाव किलो शेव मागावी.
त्यांनी कागद दुहेरी गुंडाळला,
वर कोथिंबिरीची जुडी ठेवली, दिसायला.
जुडीचे पैसे घेतले नाहीत.

न्हाणीच्या मागे माझी जागा.
एक फरशी. एक वाटी,
तिच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका,
म्हणजे ती चुकूनही आत यायची नाही.
आणि ब्लाउज बेतायची माझी जुनी कात्री.
पहिलं दिल हातात घेतलं. बोराएवढं. गार.
मी जन्मभर कापडच कापलं,
कापडाच्या आत असं काही नसतं.

मग शिकत गेले.
काळीज थोडंच, जास्त झालं की पोट सुटते.
मानेची हाडं कच्चीच, शिजवली की ती टोचतात.
टरफलं स्टँडवरच्या आम्लेटच्या गाडीवरून मागून आणायची,
धुवायची, वाळवायची, दगडानं पीठ करायचं,
घासाला चिमूटभर.
उरलेला डबा गोलूच्या दुकानातल्या फ्रीजरमध्ये,
पेप्स्यांच्या खाली,
वर चिठ्ठी: शिलाईचं सामान.
लाइन गेली की माझा जीव
त्या फ्रीजरपाशी घुटमळायचा.

यांना वास यायचा. बोलायचे नाहीत.
जेवताना पाट जरा लांब ओढायचे, इतकंच.
एकदा मात्र हात धुता धुता म्हणाले,
"कोंबडीलेही डोळे असतेत नं वं."
मला उत्तर आलं नाही.
अजून आलेलं नाही.
त्या दिवशीही मी कापलंच.

पोळा झाला आणि मला ताप भरला.
तीन दिवस उठवेना.
भुरी खाटेच्या पायाशी, भुकेली, न ओरडता.
चौथ्या दिवशी खिडकीतून दिसलं:
न्हाणीच्या मागे हे उकिडवे बसलेले,
नाकाला दुपट्टा बांधलेला,
समोर डबा. म्हणजे गोलूकडे जाऊन,
चार माणसांत मागून आणलेला.
दोन्ही हात जोडून यांनी दंडवत केला.
कोणाला केला, ते इथून कळेना.
मग कात्री उचलली
आणि कापत बसले,
बारीक, अजून बारीक,
त्या मांजरीला चावायचंच काम राहू नये एवढं.

डोळे काही परत आले नाहीत तिचे.
जेवढे उरले होते तेवढे उरले.
पण ताटली आता तिला सापडते,
बहुतेक वासानं.

मी पडल्या पडल्या डोळे मिटले,
यांनी पाहिलं असं यांना वाटू नये म्हणून.
थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला,
दुपट्ट्यातून, दबका:
"काय वं, ते टरफलाची पुडी कुठी ठेवली?"