अर्ध्या तासानंतर, त्याच जागी

उपविधी क्रमांक चौदा:
गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब करावी
व अर्ध्या तासानंतर त्याच जागी घ्यावी.
मग गणपूर्तीचे बंधन नाही.

अकरा वर्षं हे वाक्य मी
सभेच्या आधीच लिहून ठेवत आलो.
यादीत सभासद दोनशे सात.
खुर्च्यांवर सहा, त्यातला एक
पंख्यासाठी बोलावलेला वायरमन.

अशोकस्तंभामागच्या गाळ्यात आमची संस्था:
वॉकर, कुबड्या, कमोडच्या खुर्च्या,
हवेची गादी, जिची नळी
कायम कुणाच्या तरी घरी राहिलेली.
अनामत पाचशे. भाडं नाही.
लोक येतात, सही करतात, घाईत असतात.
घरी कुणीतरी पडून असतं.

सभासद वाढावेत म्हणून काय नाही केलं.
गंगेवर बुधवारच्या बाजारात टेबल मांडलं,
मेथीची जुडी आणि आमचं पत्रक
एकाच पिशवीतून घरोघर गेलं.
रत्नप्रभाताई गायधनी पावतीपुस्तक घेऊन
गंगापूर रोडचे जिने चढल्या, उतरल्या.
माणसं चांगली. एकावन्न रुपये लगेच काढून देत,
दारातल्याला लवकर जाऊ द्यायचं असतं तसे.
पावत्या वाढल्या. खुर्च्यांवर सहाच.

मग ती सप्टेंबरातली तहकुबी.
चार ते साडेचार.
अध्यक्ष डोळे मिटून, खजिनदार चिल्लर मोजत.
दारात एक माणूस, खांद्यावर वॉकर,
उलटा, चारी पाय आभाळाकडे.
"आईचा होता," म्हणाला.
त्या 'होता'त सगळं आलं.
अनामत पुढे केली. ती टेबलावरच राहिली,
ना त्याची, ना आमची.
बसा म्हटलं. चहा दिला.
बसल्या बसल्या त्याची नजर कोपऱ्यात:
व्हीलचेअर, पुढचं चाक वाकडं,
तीन महिने 'दुरुस्तीसाठी' असा कागद लावून.
"बेअरिंग गेलंय. मला का नाही सांगितलंत?"

यादव खैरनार, सातपूरला फिटर.
आमचाच सभासद, क्रमांक एकशे बारा,
चार वर्षांपासून.
काय सांगणार होतो त्याला?
आमच्याकडे त्याची वर्गणी होती.
त्याला हात आहेत, हे
कुठल्या रकान्यात नव्हतं.

त्या रात्री फॉर्मवर,
नाव, पत्ता, फोनच्या खाली,
मी पट्टीनं एक ओळ आखली:
तुम्हाला काय येतं?

उत्तरं कशीही येतात.
गाडी चालवता येते, पण रविवारीच.
अक्षर बरं आहे.
कोकणीपुऱ्याच्या नसरीन कोकणींनी लिहिलं,
रात्री झोप येत नाही, संस्थेचा फोन माझ्याकडे द्या.
एका आजोबांनी: काही येत नाही. येऊन बसेन.
ते येऊन बसतात.
त्यांच्यामुळे गाळा आता अकराऐवजी नऊला उघडतो.

सगळं गोड नाही.
चावी कुणाकडे यावरून दोन गट आहेत.
दातीरांनी राजीनामा दिला, मागे घेतला,
पुन्हा दिलाय, तो अजून फायलीत आहे.
सहाजण होतो तेव्हा
एकमत चहा येईपर्यंत व्हायचं.

यंदा चार वाजता सवयीनं लिहिलं,
'गणपूर्तीअभावी',
आणि मान वर केली.
खुर्च्या संपलेल्या.
कुणी कमोडच्या खुर्चीचं झाकण पाडून त्यावर टेकलेलं,
दोन पोरी एका व्हीलचेअरवर,
खैरनार दाराला खांदा लावून उभा,
बोटं अजून तेलकट.

शब्द खोडला.
इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही,
म्हणून बाजूला सही केली.
अर्धा तास हातात उरला होता,
त्याचं काय करतात मला ठाऊक नव्हतं.

"मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतो," म्हटलं.
"मोठ्यानं वाचा," मागून कुणीतरी ओरडलं,
"इथवर ऐकू येत नाही."